पुरुषांच्या रकान्यातलं शून्य

बिगारीचा मास्तर म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. मीही हसायचो, तेव्हा मला काय कळत होतं! वीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा-तेरा बिगारीत गेली, आणि या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा जे पहिल्यांदा आठवलं ते गमतीदार नव्हतं. दुसरं काही आठवेल म्हणून चार दिवस थांबलो. आठवेना. तेव्हा तेच लिहितो. वाचून माझी कीव कोणी करू नये. करायचीच तर यात दोघी जणी आहेत, त्यांची करा.

बिगारी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. चार-पाच वर्षांची पन्नास-साठ पोरं एका खोलीत. कोणी रडतंय, कोणी झोपलंय, कोणी शेजाऱ्याच्या कानात चिंचोका कोंबतोय, कोणाच्या लंगोटाची गाठ सुटलीय आणि कोणाची सुटता सुटत नाहीये. दुसरी बाब जास्त घाईची असते. लहान भावंडं कडेवर घेऊन आलेल्या पोरी वेगळ्याच. शिकवायचं ते धुळीवर. लाकडी पाटीवर बारीक वाळू पसरायची, मास्तरने बोटाने 'ग' काढायचा आणि पोराचं बोट धरून तेच गिरवायचं. दिवसभरात साठ बोटं धरली की संध्याकाळी स्वतःचं बोट आपलं वाटत नाही. आणि नाकं पुसायची. नाकं पुसण्याचं ट्रेनिंग कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, पण खरं काम तेच.

हा वर्ग त्या काळी आमच्याकडे पुरुषच शिकवत. बाई मास्तरीण मिळणार कुठून? मुलींच्या शाळेलाच पुरत नव्हत्या. पण पुरुष असले म्हणून ते हौसेने शिकवत असं कोणी समजू नये. बिगारी ही शिक्षा होती. मास्तरांच्या खोलीत म्हणत, बिगारीला तिघंच जातात, नवखा, नाठाळ नाहीतर निकामी. मी नवखा होतो. एक-दोन वर्षांत सुटका होईल म्हणून गेलो आणि पाच वर्षं अडकलो, कारण, सांगायला लाज वाटायची, मला ते काम येऊ लागलं होतं.

ते आलं गोदाअक्कामुळे. माझी शाळा जळगावपासून दोन कोसांवर, गिरणेच्या काठी. ओळीने तीन खोल्या, पुढे ओटा. गोदाअक्का शाळेत पाणी भरायची. पन्नाशीची विधवा, मूलबाळ नाही, हाताने कामसू आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी पोरांना पुस्तकी मराठीत "बालकांनो, डोळे मिटा" असं सांगत होतो आणि साठ पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. अक्का हंडा घेऊन दारात उभी राहिली नि म्हणाली, "भाऊ, तू कोनशी बोली राहिना? आठे तं कोनीच बालक नही शे!" मग पोरांकडे वळून ओरडली, "डोया झाका रे बठ्ठा!" साठच्या साठ पोरांनी डोळे झाकले. त्या दिवसापासून पाणी भरून झालं की अक्का वर्गात येऊन बसू लागली. "एक चिंचोका मन्हा, एक चिंचोका तुन्हा" असं काहीतरी जुळवून ती पोरांकडून वीसपर्यंत मोजून घ्यायची. तिला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकवायचो, बाकी सगळं ती. अर्धा वर्ग तिचा होता हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

चंद्री त्याच वर्गातली. बाप गुरं राखायचा, आई शेतावर जायची. आई तिला सकाळी दारात सोडून गेली की ही जी उंबऱ्यावर बसायची ती शाळा सुटेपर्यंत. चौकट हाताने घट्ट धरून ठेवायची. आत ओढलं की किंचाळायची. बोलत तर नव्हतीच. लोक म्हणाले मुकी आहे, नाव काढून टाका. मला काय सुचलं कोण जाणे, मी माझी धूळपाटी घेऊन उंबऱ्यावर तिच्याकडे पाठ करून बसू लागलो. वाळूत कधी मासा काढायचा, कधी बैल. बैल माझा शेळीसारखा दिसायचा. असे दोन-अडीच महिने गेले. एके दिवशी माझ्या खांद्यावरून एक मळकं बोट आलं आणि त्या बैलाला शिंगं काढून गेलं. मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी ती आत आली. आठवड्याने गाठ सोडून घ्यायला माझ्याकडे आली नि म्हणाली, "माय, सुटत नही."

माय! सगळा वर्ग खिदळला. गोदाअक्का तर डोळ्यांना पदर लावून हसली. आणि त्या दिवसापासून साठ पोरं मला 'मास्तरमाय' म्हणू लागली. पोरांकडून ते गावात गेलं. पारावर बसलेली माणसं "काय मास्तरमाय, आज किती नाकं?" असं विचारू लागली. मी वरून हसायचो. आतून इतका संतापायचो की त्या दिवशी पोरांशी धड बोलायचो नाही. आज वाटतं, आयुष्यात मला कोणी दिलेली ती एकमेव पदवी, आणि मी तिच्यापासून तोंड लपवत फिरलो.

त्याच सुमाराला माझं लग्न झालं होतं. सासरे जळगावचे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. कापसाच्या जिनात मुनीम, मोठे रुबाबदार. बैठकीत त्यांनी विचारलं, "मुलगा कितवीला शिकवतो?" माझे वडील भडगावचे साधे माणूस, पण त्या वेळी ते पटकन म्हणाले, "चौथीला." मी मान डोलावली. एवढंच केलं, मान डोलावली. पण ती मान मग सारखी डोलावत राहावी लागली. नाना चारचौघांत सांगायचे, "आमचे जावई चौथीला गणित शिकवतात." मी विषय बदलायचो.

आता मडमबाई. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका साहेबाची ही बायको. लग्नाआधी विलायतेत ती बिगारीच शिकवत होती. एका रविवारी जळगावला आम्हा मास्तरांची सभा भरली, तिथे ती आली. मोडकं हिंदुस्थानी बोलायची, अडलं की शाळाखात्याचे साहेब मराठी करून सांगायचे. ती म्हणाली, माझ्या देशात तुम्ही शहरच्या शहर हिंडलात तरी बिगारीत पुरुष मास्तर सापडायचा नाही. पुरुषांना ते काम कमीपणाचं वाटतं. आणि इथे बघते तो बाई सापडत नाही, जिकडेतिकडे पुरुष! एवढाली मिशीवाली माणसं पोरांना मांडीवर घेऊन बसलेली! मास्तरमंडळी एकमेकांना कोपरं मारून हसत होती. आमच्या मागे बसलेला एक जण पुटपुटला, "हिला म्हणावं, बदली करून घेऊन जा आम्हाला तिकडे."

पण बाई गंभीर होती. तिला दोन्ही देशांची तुलना करून काहीतरी लिहायचं होतं. तिकडच्या बिगारीत पुरुष किती, बाया किती, आणि इकडे किती. त्यासाठी प्रत्येक शाळेकडे एक कागद येणार होता. पुरुषांचा रकाना, स्त्रियांचा रकाना, समोर नावं. आणि पुढच्या सभेत ती त्या पुरुषांची नावं मानाने वाचून दाखवणार होती. "तिकडच्या पुरुषांनी शरमावं म्हणून," ती म्हणाली.

तिकडचे शरमोत न शरमोत, इथे एक जण तिथल्या तिथे हिशेब करू लागला. सभा जळगावला. कागद गोळा करणारा कारकून नानांच्या घरासमोर राहणारा. माझं नाव बिगारीच्या पुरुषांत वाचलं गेलं की तासाभरात जिनच्या फाटकापर्यंत जाणार.

कागद आला. हेडमास्तरांनी, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तो माझ्यापुढे टाकला. "तुमचा वर्ग, तुम्हीच भरा. अक्षर बरं आहे तुमचं." मी टाक बुडवला. मग पुरुषांच्या रकान्यात शून्य काढलं. चांगलं वाटोळं, घोटून. आणि स्त्रियांच्या रकान्यात एक. समोर नाव लिहिलं, गोदाबाई. आबांनी न वाचता सही केली.

माझी अक्कल बघा. मला वाटलं, शेकडो कागदांत एक शून्य, कोणाच्या ध्यानात येणार? हे डोक्यात आलंच नाही की बाकी सगळे मास्तर, हसत का होईना, खरं लिहिणार आहेत. सगळ्या तालुक्यातून पुरुष, पुरुष, पुरुष असेच कागद आले. एकाच शाळेचा कागद उलटा. एकाच शाळेत बिगारीला बाई! लपायला गेलो आणि नेमका माळावर जाऊन उभा राहिलो. मडमबाईने शाळाखात्याच्या साहेबांना कळवलं, मला ती शाळा बघायची आहे, ती बाई बघायची आहे.

साहेबांचं तसं पत्र आलं, आबांनी ते वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. "अहो, हे काय करून ठेवलंत! माझी सही आहे त्यावर!" मी कबूल केलं, सगळं, सासऱ्यांसकट. ते म्हणाले, "खरं सांगू या साहेबांना." ते तसं म्हणाले होते, हे मी मुद्दाम लिहितो. मीच पाया पडलो. मीच म्हटलं, एका तासाचा प्रश्न आहे, अक्काला खुर्चीवर बसवू, मी चौथीत उभा राहीन.

अक्काला सांगायला गेलो तर ती घागर घासत होती. ऐकून घेतलं. "माले कसाले बठाडस खुर्चीवर? माले काय वाचता येस?" मी म्हटलं, "वाचावं लागणार नाही अक्का. नुसती मोजणी घे." घागर बाजूला ठेवून ती म्हणाली, "तुन्हा सासराले कळाले नको, बस एवढंच ना? बठस मी." एवढंच ना! तिला ते एवढंसंच वाटलं, आणि माझ्यासाठी ती तयार झाली.

तो दिवस उजाडला. गावात मडम येणार म्हणून ओटा सारवलेला, रांगोळी घातलेली. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते नाना बैलगाडीतून उतरले! जावयाच्या शाळेत मडम येते म्हटल्यावर त्यांना घरी बसवलं नाही. चांगली जरीची पगडी घालून आले आणि चौथीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मी फळ्यावर त्रैराशिक मांडलं. 

पलीकडच्या खोलीत अक्का शेजारणीचं धुवट लुगडं नेसून खुर्चीवर बसली होती. मडमबाई नि साहेब आत गेले. थोडा वेळ बरं चाललं. "एक चिंचोका मन्हा" ऐकू आलं. बाई हसल्याचंही ऐकू आलं. मग साहेबांनी धूळपाटी पुढे केली आणि म्हणाले, "बाई, यांना एक अक्षर काढून दाखवा." आवाज थांबला. अक्काचं बोट वाळूवर गेलं असेल, मला दिसत नव्हतं. साहेबांचा आवाज चढला, "काढा ना! शिकवता ना तुम्ही?" तो चढलेला आवाज ऐकून एक पोर रडलं, मग दुसरं, मग सगळाच वर्ग.

आणि मग पोरं आली. रडणारं पोर कुठे जाणार? आपल्या माणसाकडे जाणार. ओट्यावरून धावत दहा-बारा पोरं चौथीच्या खोलीत शिरली, सगळ्यांत पुढे चंद्री. तिने माझ्या धोतराला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडली, "मास्तरमाय!" चौथीची पोरं हसली. दारात नाना. त्यांच्या मागून मडमबाई, साहेब, आबा, आणि सगळ्यांच्या मागे अक्का.

मडमबाईने पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अगदी शांतपणे विचारलं, "इनको कौन पढाता है?"

बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'मी' म्हटलं असतं तर ती बहुधा हसली असती. एका अक्षराचं काम होतं. मी म्हणालो, "मालूम नहीं, मेमसाहेब." आणि चंद्रीचे हात धोतरावरून सोडवले. ती सोडेना, तेव्हा जोराने सोडवले. म्हटलं, "जा तिकडे. मी तुझा मास्तर नाही." ती मागच्या मागे बसली. रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

साहेबांनी आबांना फैलावर घेतलं. आबा घाबरून बोलून गेले की ही बाई पाणीवाली आहे, स्वतःला मास्तरीण म्हणवून घेते. सगळे अक्काकडे वळले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांच्या पगडीकडे. म्हणाली, "हा साहेब, मन्हीच चूक शे." मी त्रैराशिकाकडे तोंड करून उभा होतो. त्या आठवड्यात तिला कामावरून काढलं. कागद पुन्हा भरून मागवला तेव्हा आबांनी तो माझ्याकडे दिला नाही. पण शाळेची शोभा नको म्हणून मला खरोखरच चौथी दिली. हवं ते मिळालं मला! बिगारीला छडीवाले एक म्हातारे मास्तर आले. मडमबाई परत कधी आमच्या बाजूला फिरकली नाही.

नाना जाताना एवढंच म्हणाले, "पोरांचा तुमच्यावर लोभ दिसतो." त्यात टोमणा होता की कौतुक, मला आजवर कळलेलं नाही. रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही बिगारीला शिकवता हे मला लग्नानंतर आठच दिवसांत कळलं होतं. धोतराच्या घड्यांतून वाळू पडायची रोज. नानांनाही मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, जावयांना बोलायचं नसेल तर आपण कशाला विषय काढायचा?" ज्याच्यासाठी लपवलं त्याला ठाऊक होतं! मग मी अक्काला कशासाठी विकलं?

चंद्री दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. जायला हवं होतं, पण गेलो नाही. अक्का दोंडाईच्याला भावाकडे गेली. वर्षाने एकदा मी गाडीत बसून तिथे गेलो, माफी मागायची म्हणून. ती मिरच्यांच्या ढिगापुढे देठं खुडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, आणि एकेका पोराचं नाव घेऊन विचारू लागली. याची नाकपुडी बरी झाली का, ती अजून अंगठा चोखते का. मला काही ठाऊक नव्हतं, मी चौथीत होतो. "बठ्ठा बरा शेत," मी म्हटलं. ते खोटंच होतं. माफी तशीच राहिली, परतीच्या गाडीत मिरचीने डोळे चुरचुरत होते आणि मला ते बरं वाटत होतं. पुढे दोन वर्षांनी अक्का वारल्याचं कळलं.

सात वर्षं चौथी केली. मग नवीन हेडमास्तर आले, त्यांना म्हटलं, मला बिगारी द्या. "डोकं फिरलं का तुमचं?" ते म्हणाले. दिली मात्र लगेच, कारण घ्यायला दुसरं कोणी नव्हतंच. तेव्हापासून तिथेच आहे. मडमबाईच्या तुलनेचं पुढे काय झालं, कोण जाणे. ती आता आपल्या देशी गेली असेल, यंदा सगळेच इंग्रज गेले. पण कधी कधी मनात येतं, तिने उगाच आमचं कौतुक केलं. तिकडच्या पुरुषांना लाज वाटायची म्हणून ते त्या खोलीत शिरलेच नाहीत. आम्हालाही तितकीच लाज वाटायची, पण आम्ही आत सापडलो होतो. माणसं दोन्हीकडची सारखीच. त्यांनी निदान कोणाच्या हातातून धोतर तरी सोडवून घेतलं नाही.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी एक विशीतली बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन ओट्यावर आली. मुलीने चौकट धरून ठेवली होती, त्यावरून मी आईकडे नीट बघितलं. चंद्री होती. तिने विचारलं, "बिगारीना मास्तर कोन शे?"

"मी," मी म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की शेजारचे मास्तर वळून बघू लागले.

तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तवय नही म्हनं व्हतं तुम्हीन," ती म्हणाली. मग मुलीचा हात सोडवून तिला माझ्याकडे दिलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. शाळा सुटेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही. कापूस वेचायचे दिवस आले तरी तासभर का होईना, येऊन बसतेच.

तिची मुलगी आता छान रमली आहे, मोठ्याने मोजते. परवा मी चंद्रीला म्हटलं, "बाई, आता कशाला कामाची खोटी करतेस? पोर रडत नाही."

"ती नही रडस," चंद्री म्हणाली. "कोनी इचारं तं तुम्ही काय सांगतस, ते देखाले बठेल शे मी."

अजून कोणी विचारायला आलेलं नाही.